स्वस्तातला "सेन्सरी प्ले" : पाऊस, पावणेतीन वर्षांचं पोर आणि पांढऱ्या लाद्या

पर्वरीची_पाहुणी

नमस्कार मंडळी. माहेर मिरज, लग्न होऊन गोव्यात पर्वरीत आले त्याला पाच वर्षं झाली. चिरंजीव पावणेतीन वर्षांचे. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून आम्ही दोघं घरात कोंडलेले आहोत आणि त्याने आतापर्यंत सोफ्याचं एक बटण, रिमोटचं झाकण आणि माझी सहनशक्ती यांचा निकाल लावला आहे.

परवा त्याच्या प्लेस्कूलमधून निरोप आला, घरी रोज अर्धा तास "सेन्सरी प्ले" (स्पर्श, वास, रंग अनुभवायचे खेळ) आणि "मेसी प्ले" (हात-पाय बरबटवायचे खेळ) करून घ्या, फोटो ग्रुपवर टाका. ऑनलाइन शोधलं तर त्याचा तयार डबा मिळतो म्हणे. डब्यात काय, तर रंगवलेले तांदूळ, मूठभर वाळू, कणकेसारखे चार गोळे, एक लाकडी चमचा नि चिमटा. किंमत १,८०० रुपये.

आम्ही भाड्याने वरच्या मजल्यावर राहतो. खाली घरमालकीण आंटी, सत्तरीच्या पुढच्या. लाद्या पांढऱ्याशुभ्र आणि करारनाम्यात डागांसाठी वेगळं कलम. तर स्वस्तात, पुसून निघेल असं काय करता येईल? आणि खरं सांगा, हे करायलाच हवं का? आपण लहानपणी कुठे केलं होतं?

माडाखाली

केलं होतंत की. फक्त तेव्हा त्याचं नाव "थांब, बाबा येऊ देत घरी" असं होतं. ते १,८०० मला पाठवा, मी पर्वरीचीच माती तुम्हाला पोस्टाने पाठवतो. लाल, ओरिजिनल.

भिरंडसोल

काकांकडे दुर्लक्ष करा. मला दोन पोरं, चार आणि दीड वर्षांची, फोंड्यात फ्लॅटमध्येच राहतो. आधी जागा ठरवा. हॉलमध्ये कितीही चादरी अंथरा, पसारा चादरीबाहेर जातोच. आम्ही सगळं बाथरूममध्ये करतो. पोराला फक्त चड्डीवर बसवायचं, पुढ्यात मोठी परात, झालं की तिथेच अंघोळ. लादीचा प्रश्नच मिटला.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळ टिकलेला खेळ म्हणजे कॉर्नफ्लोअर. दोन वाट्या पीठ, एक वाटी पाणी, पाणी हळूहळू घालायचं. मुठीत दाबलं की गोळा होतो, मूठ उघडली की बोटांतून ओघळतो. चापट मारली तर घट्ट, बोट हळूच घातलं तर पातळ. माझा नवरा इंजिनीअर आहे, तो पोरांपेक्षा जास्त वेळ बसला होता. एकच सांगते, झाल्यावर मोरीत ओतू नका. पीठ तळाशी बसतं आणि नळी तुंबते. आमच्याकडे प्लंबरने ४०० रुपये घेतले, वर विचारलं, "बाय, पेज ओतली की काय?" परातीत तसंच सुकू द्या, खरवडून केराच्या डब्यात.

सासष्टीची_सून

कॉर्नफ्लोअर ठीक, पण ते रंगवलेले तांदूळ मला बघवत नाहीत. आमच्या आजेसासूबाई शीत सांडलं तर उचलून कपाळाला लावायला लावायच्या. खाण्याचं धान्य निळं-हिरवं करून पायाखाली तुडवायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं?

पेडण्याचा_पोरगा

+१

भिरंडसोल

सूनताई, मान्य. पण आमचे रंगवलेले तांदूळ गेली दोन वर्षं एकाच बरणीत आहेत. किडे झालेले होते म्हणूनच रंगवले. टाकलेच असते.

सासष्टीची_सून

किडे झालेले कोंबड्यांना घालायचे!

माडाखाली

फ्लॅटमध्ये कोंबड्या पाळल्या तर करारनाम्यात आणखी एक कलम वाढेल.

कुळागर

वाद घालण्याआधी जवळच्या भाताच्या गिरणीत जा. तूस मिळतं, तेही बहुतेक फुकट. परातभर तूस आणि त्यात लपवलेल्या चार करवंट्या, बस्स. हाताला कसं गुदगुल्या करतं ते मोठ्यांनीही बघावं. धूळ उडते, तेव्हा आधी चाळा आणि दमा असलेल्या मुलाला देऊ नका. सुताराकडचा भुसाही चालतो, पण प्लायवूडचा घेऊ नका, त्यात गोंद नि रसायनं असतात. साध्या लाकडाचा आहे का ते विचारून घ्या.

आणि अन्नाच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की मुलाला अन्नाचं खेळणं देऊ नका, अन्नाचं काम द्या. पंचमीला पातोळ्या करताना माझ्या नातीला हळदीचं पान पुसायला देतो, मग तांदळाचं पीठ थापायला. पान पुसताना ती ते वीस वेळा हुंगते. त्या वासाचा डबा कोण विकणार? तिची पातोळी नकाशासारखी होते, ती तीच खाते. वाया काय गेलं?

सासष्टीची_सून

हे पटलं.

पर्वरीची_पाहुणी

वा, एका दिवसात एवढे प्रतिसाद! भिरंडताई, मीठ आणि मैद्याचे गोळे करतात ते कसे? मी केले होते, दुसऱ्या दिवशी डब्यात पाणी सुटलं आणि सगळं चिकट.

आगरवाट

ताई, इथे मी बोलू शकतो. आमचं घर नेरूलच्या मिठागरांजवळ. पावसाळ्यात गोव्यात मिठाचं काय होतं ते आमच्याकडच्या बरणीला विचारा. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे जुलैत हवाच ओल्या पंचासारखी असते. कच्चा गोळा पाणी सोडणारच, तुमचा दोष नाही.

शिजवून करा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, एका लिंबाचा रस. सगळं गार असतानाच कालवून मंद आचेवर घाटत राहायचं. कडा सोडून गोळा झाला की उतरवा, निवल्यावर मळा. फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज राहतो. आगराचं जाडं मीठ यात घालू नका, पोराच्या हाताला खरचटलेलं असलं तर बोंब मारेल. जाडं मीठ नुसतंच परातीत द्या, उन्हाळ्यात. उन्हात ते कसं चमकतं आणि हाताखाली कसं कुरकुरतं! आम्ही त्यातच वाढलो.

गोळा खारट लागतो म्हणून मुलं एकदा चाटून सोडतात, पण एखादं खातच सुटलं तर काढून घ्या. एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही लांब.

भिरंडसोल

रंगासाठी हळद, बिटाचा रस, पालक. हळदीच्या पाण्यात साबणाचा थेंब टाका, लालभडक होतं. मग लिंबू पिळा, परत पिवळं. कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाका, निळं पाणी निघतं, लिंबाने जांभळं-गुलाबी होतं. माझी चार वर्षांची याला "जादूची सोलकढी" म्हणते आणि दर वेळी पिऊ का विचारते.

बाळ_ओपीडी

मी बालरोगतज्ज्ञ, पावसाळ्यात माझ्याकडे जे येतं त्यातलं थोडं लिहितो. घाबरवायचा हेतू नाही.

पावणेतीनच्या मुलाला वाटाणे, राजमा, मणी, चिंचोके असलं काही एकट्याने खेळायला देऊ नका. टॉयलेट पेपरच्या मधल्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असा साधा अंदाज धरा. नाकात घातलेला वाटाणा ओलाव्याने फुगतो. घरी चिमट्याने काढायला गेलात तर आणखी आत जातो, सरळ डॉक्टरांकडे या. कच्चा राजमा चावून खाल्ला तर उलट्या होतात. पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलीसारखे गोळे घरात आणूच नका. गिळले तर आतड्यात फुगतात आणि ऑपरेशनची वेळ येते.

पाण्याचा खेळ उत्तम. पण लहान मूल वीतभर काय, चार बोटं पाण्यातही बुडू शकतं. खेळ संपला की बादली, टब लगेच पालथा. फोन वाजला तर मुलाला काखोटीला मारून फोन घ्यायला जा.

चिखलाला माझा विरोध नाही. साचलेल्या, गटाराजवळच्या, उंदीर फिरतात तिथल्या पाण्याला आहे. उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, एक प्रकारचा ताप) होतो आणि पायाला जखम असेल तर तो तिथूनच शिरतो. कुंडीतली माती, अंगणातली उंच जागेवरची माती चालेल. खेळून झाल्यावर साबणाने हात, नखं कापलेली. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत गोळी देतात, ती चुकवू नका.

कुळागर

डॉक्टर, काजूचंही सांगा.

बाळ_ओपीडी

बरोबर, तेच राहिलं. काजूच्या बियांच्या टरफलात जे तेल असतं त्याने कातडी भाजते. दर उन्हाळ्यात दोन-तीन पोरं ओठ सुजवून येतात. बोंडू (काजूचं फळ) तुडवा, चुरगळा, बी मात्र पोराच्या हातात नको.

माडाखाली

बोंडू तुडवायचं काम आम्ही पोरांना दिलं असतं, तर निरो (बोंडवाचा रस) हुर्राकपर्यंत (त्याच्या दारूपर्यंत) पोचलाच नसता.

पेडण्याचा_पोरगा

अवांतर: बोंडवाच्या रसाचे डाग कशाने जातात?

सासष्टीची_सून

जात नाहीत. तो शर्ट चिखलाचा शर्ट म्हणून ठेवायचा.

माशेलकर

इतके प्रतिसाद झाले आणि एकानेही चिखलकाल्याचं नाव काढलं नाही, कमाल आहे.

आमच्या माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात चिखलकाला होतो. भजन संपलं की पुरुष आणि पोरं अंगाला तेल चोपडून चिखलात उतरतात. तेल कशासाठी, तर नंतर चिखल सुटावा म्हणून. हे "मेसी प्ले"वाल्यांच्या कुठल्या यादीत आहे का बघा. मग लोळायचं, एकमेकांना ओढायचं, लहानपणचे खेळ खेळायचे, कृष्ण आणि त्याचे सवंगडी जे खेळले असतील ते. वरून खाऊ उधळतात, तो चिखलातून वेचून खायचा. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उतरतात. अलीकडे पर्यटन खात्याने त्याचा मोठा उत्सव केलाय, कॅमेरे फार झाले, ते मला फारसं आवडत नाही. पण चिखल तोच आहे.

मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा पाच वर्षांचा असेन. चिखल गार असेल असं वाटलं होतं. वरचा गार होता, पण घोट्याच्या खाली कोमट. ते अजून पायाला आठवतं.

तर पाहुणीताई, "हे करायलाच हवं का" याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आमच्या गावाने त्याच्यासाठी तिथी ठरवून ठेवली आहे.

पर्वरीची_पाहुणी

माशेलकरदादा, घोट्याखालचा कोमट चिखल वाचून थांबले दोन मिनिटं. पुढच्या वर्षी नक्की.

रात्रपाळी

उलटा प्रश्न विचारतो, चालेल ना? माझी लेक चार वर्षांची. तिला घाण होणं अजिबात सहन होत नाही. मिरामारला नेलं की वाळूवर पाय टेकवत नाही, कडेवरच राहते. हाताला भाताचं शीत चिकटलं तरी "पूस, पूस". शिगम्याला गुलालाचं बोट लावलं तर तासभर रडली. नातेवाईक म्हणतात लाडावलीय. एका काकाने हौसेने तिचे दोन्ही हात धरून चिखलात बुडवले, तेव्हापासून ती त्याच्या घरीच जात नाही.

हातमोजे

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मडगावला काम करते. दादा, त्या काकांना पुन्हा तिच्या हाताला हात लावू देऊ नका, हे आधी.

काही मुलांना स्पर्श आपल्यापेक्षा मोठ्या आवाजात ऐकू येतो असं समजा. आपल्याला जे ओलं वाटतं ते तिला बोचतं. हे लाड नाहीत. सुरुवात कोरड्यापासून करा. कोरडे तांदूळ, कुळीथ, तूस, आणि तेही हाताने नाही, डावाने. डाव, गाळणी, वाटी. हात न लावता ढवळणंही खेळच आहे. मग चेनच्या जाड प्लास्टिक पिशवीत दोन चमचे रंग नि थोडं तेल घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा, खिडकीच्या काचेला चिकटवा. ती बाहेरून दाबेल, रंग आत पळेल, हात कोरडे. शेजारी ओला पंचा ठेवा आणि तो आहे हे तिला दाखवा. कधीही पुसता येईल हे कळलं की पुष्कळ मुलं बोट पुढे करतात. करतील तेव्हा टाळ्या वाजवू नका, बघितलंच नाही असं दाखवा.

केस कापणं, नखं कापणं, अंघोळ, जेवण यात रोज रडारड होत असेल तर मात्र एकदा प्रत्यक्ष दाखवा. नुसती वाळू आवडत नसेल तर मलाही ओली वाळू आवडत नाही. :)

रात्रपाळी

केस कापताना रडते, बाकी ठीक आहे. पिशवी करून बघतो. धन्यवाद ताई, खरंच.

निवृत्त_मास्तर

तरुण मंडळींनी "सेन्सरी" शब्द आणला म्हणून हे नवं समजू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. माँटेसोरीची साधनं महाग, मग शिंपले, बिया, खडे, पानं, माती यांची साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी पाड्यावर, अंगणात नेली. गुरं राखायला गेलेल्या पोरांसाठी कुरणशाळा. पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी हेच काम वाढवलं. हे सगळं मराठीत लिहून ठेवलेलं आहे. १,८०० रुपयांत त्या काळी अख्खी बालवाडी चालली असती.

माडाखाली

मास्तर, त्या काळी १,८०० रुपयांत पर्वरीही मिळाली असती.

कुळागर

चवथ जवळ येतेय. चित्रशाळांतून गणपतीचं काम सुरू झालं असेल. म्हापशाकडे, डिचोलीकडे, कुठल्याही गावात जाऊन मूर्तिकाराला नम्रपणे विचारा, मूठभर चिकणमाती देतात. अगदी मऊ, खडे वेचलेली, तिच्या वासानेच मूल शांत होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, वाळली तर पाणी मारून पुन्हा मळा. पीओपी मात्र नको, पाणी घातलं की घट्ट होताना तापतं, हात भाजतो.

आणि विसर्जनानंतर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळांची चौकट) उतरवाल तेव्हा लगेच टाकू नका. सुपारीचे घोस, भोपळे, नारळ, रानातली खरखरीत नि गुळगुळीत फळं. खाली चटईवर पसरा आणि पोरांना वासावरून ओळखायला लावा. काही रानफळं विषारी असतात, म्हणून तोंडात घालायची नाहीत आणि मोठं माणूस शेजारी हवं.

पेडण्याचा_पोरगा

आमच्याकडे पोफळीच्या गळलेल्या विरीवर (पानाच्या रुंद देठावर) एकाला बसवून दुसरा ओढायचा. पार्श्वभागाला जे कळायचं तेही सेन्सरीच.

पर्वरीची_पाहुणी

मंडळी, आठवड्याचा अहवाल.

सोमवारी कॉर्नफ्लोअर. साहेबांनी एक बोट घातलं, म्हणाले "पेज", आणि चमचा मागितला. खायला. संपलं प्रकरण. मंगळवारी आगरवाटदादांचा शिजवलेला गोळा. हा आवडला, वीस मिनिटं. चपात्या केल्या, बाबांना वाढल्या, बाबांनी खाल्ल्याचं नाटक नीट केलं नाही म्हणून रडारड. बुधवारी गोकर्णाचं पाणी. ते मीच जास्त खेळले.

गुरुवारी तो जिन्यावरून खाली उतरला, मला कळलंच नाही. शोधत गेले तर आंटींच्या मागच्या दारी पागोळ्यांखाली उघडा बसलेला. पुढ्यात पाच करवंट्या, दोन फुटक्या. एका करवंटीत पागोळीचं पाणी धरायचं, दुसरीत ओतायचं, फुटकीतून गळतं ते वाकून बघायचं. आंटी दारात खुर्ची टाकून नारळ सोलत बसलेल्या, डोळा त्याच्यावर. पाऊण तास! मी लाल पायांकडे आणि त्यांच्या पायरीकडे बघून माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "लादी कितें गो बाय, पुसली की जाली." मग करारनाम्यातलं ते कलम? ते त्यांच्या मुलाने घातलंय म्हणे, तो बाहेरगावी असतो.

डॉक्टर, तिथे पाणी साचत नाही, मी बघून घेतलं. वाहून जातं.

अडचण एकच, प्लेस्कूलला फोटो हवाय आणि सगळ्या फोटोंत साहेब दिगंबर आहेत.

सासष्टीची_सून

करवंट्यांचा फोटो पाठव.

रात्रपाळी

आमचाही छोटा अहवाल. पिशवी खिडकीला लावली. दोन दिवस बघितलीसुद्धा नाही. काल मी ड्युटीवरून येऊन चहा पीत होतो तर एका बोटाने दाबत उभी होती. मी पेपरात डोकं घातलं. हातमोजेताई, टाळ्या वाजवल्या नाहीत.

हातमोजे

छान केलंत.

माडाखाली

ते सगळं ठीक आहे, माझे १,८०० कधी येतायत?

पेडण्याचा_पोरगा

आगरवाटदादा, ते नेरूलचं जाडं मीठ घरी न्यायला मिळतं का? किलो कसं देता?

आगरवाट

आता नाही रे. फेब्रुवारीनंतर ये, आगरात नवं मीठ पडायला लागलं की. घरच्यापुरतं उरलंय तेवढंच, आणि त्यालाही पाणी सुटलंय.